बाजारात टेकायला जागा

शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेत जाण्या-येण्याबद्दल या वेळी प्रश्न मागवले होते. काय कुठे स्वस्त मिळतं, हे फार थोड्यांनी विचारलं. बहुतेकांनी लिहिलं ते पायांबद्दल, आईबद्दल, लेकरांबद्दल, गर्दीच्या धास्तीबद्दल. मला त्याचं नवल वाटलं नाही. नगररचना खात्यात मी बत्तीस वर्षं काढली आणि त्यातली सुरुवातीची कितीतरी वर्षं बाजाराच्या तोंडाशी उभं राहून माणसं मोजण्यात गेली. हातात मोजणीचं छोटं यंत्र असायचं. माणूस समोरून गेला की अंगठ्याने एकदा टक्. दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत उतरवायचा आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. असं दिवसभर मोजत राहिलं की आकड्यांमागची माणसं दिसायला लागतात. त्या पाहण्याच्या जोरावरच ही उत्तरं लिहिते आहे.

ताई, माझी आई बहात्तर वर्षांची आहे. बाजारात यायची तिला फार हौस, पण अर्ध्या तासातच "चल, घरी जाऊ" म्हणते. रोज सकाळी ती पाऊण तास फिरते, तेव्हा थकत नाही. मग बाजारातच असं का होतं?

आई चालून थकत नाहीये, उभं राहून थकते आहे. सकाळच्या फिरण्यात पावलं सलग पडतात. पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलत राहतात. बाजारात चार पावलं टाकायची, थांबायचं, तुम्ही भाव विचारेपर्यंत ताटकळायचं, पुन्हा सहा पावलं. त्या थांबण्यात पोटऱ्यांचं काम बंद पडतं, पाय जड होतात, कंबर धरते. त्यात हातात पिशवी आणि वर सतत सावध राहणं: पायरी कुठे आहे, मागून कोण येतंय, लेक कुठे गेली. पाऊण तासाच्या फिरण्यापेक्षा हा अर्धा तास अंगावर जास्त येतो.

एक प्रसंग सांगते. मोजणीला उभी असताना एकदा समोर एक आजी आल्या. मी त्यांच्या नावचं टक् केलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. थोड्या वेळाने पाहते तर आजी तिथेच. बंद दुकानाच्या ओट्यावर कोणी बसू नये म्हणून लोखंडी खिळ्यांची पट्टी ठोकलेली होती. आजींनी शेजारच्या विजेच्या पेटीवर पिशवी ठेवली, पदराची घडी करून त्या पेटीच्या कडेवर घातली आणि एका बाजूने नुसत्या टेकल्या. धड बसणं नाही, धड उभं राहणं नाही. एक पाय उचलून दुसऱ्याच्या घोट्यावर ठेवायच्या, मग पाय बदलायच्या. अशा त्या वीस मिनिटं होत्या. माझ्या वहीत त्या वीस मिनिटांसाठी रकानाच नव्हता. जाणाऱ्यासाठी होता, थांबणाऱ्यासाठी नव्हता. त्या दिवशी मी वहीच्या समासात पेन्सिलीने एक नवा रकाना ओढला आणि वर लिहिलं, "थांबलेले". कार्यालयात त्यावरून मला विचारणा झाली. पण रकाना मी शेवटपर्यंत सोडला नाही.

पुढे वाचनात आलं की न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात चौकाचौकांत कॅमेरे लावून हेच पाहिलं होतं. चौक सुंदर असो, कारंजं असो, शिल्प असो. माणसं बसतात कुठे, तर जिथे बसायला जागा असते तिथे. इतकं साधं, पण ते सिद्ध करायला त्याला कित्येक तासांचं चित्रण करावं लागलं. त्याने आणखी एक गोष्ट टिपली. हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडीशी सरकवतो. जागा तीच, तोंडही त्याच दिशेला, पण सरकवतो जरूर. ती खुर्ची आपली करून घेण्याची रीत आहे. तुमच्या आईला बाजारात ही एवढीच गोष्ट मिळत नाही.

तेव्हा निघण्याआधी वस्तूंची यादी करता तशी बसण्याच्या जागांचीही करा. तीन तरी हव्यात. एखादं वाचनालय, देवळाचा मंडप, बसथांब्याचा बाक, खुर्ची देणारं ओळखीचं दुकान, काहीही. शक्यतो पाठ आणि हात असलेली खुर्ची पाहा, कारण म्हाताऱ्या माणसाला बसण्यापेक्षा उठणं कठीण जातं आणि उठताना हाताला आधार लागतो. आई थकल्यावर बसवू नका, थकण्याआधी बसवा. तुम्ही भाव करत असाल तेव्हा दुकानदाराकडे स्टूल मागा. मागायला लाजू नका. मी हजारदा मागितलं आहे, नाही म्हणणारे फार थोडे भेटले.

आणि रस्ता ओलांडताना घाई नको. सिग्नलची वेळ ठरवताना वर्षानुवर्षं माणसाची चाल सेकंदाला साधारण १.२ मीटर धरत आले आहेत. बारा मीटरचा रस्ता त्या हिशोबाने दहा सेकंदांत पार होतो. आई सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल तर तिला पंधरा लागतात. ही पाच सेकंदांची तूट तिच्या पायात नाही, सिग्नलच्या हिशोबात आहे. म्हणून हिरवा दिवा आधीच लागलेला दिसला तर थांबा. तो जाऊन पुन्हा लागू द्या आणि पहिल्या सेकंदाला पाऊल टाका.

मला बाजारात नुसतं हिंडायला आवडतं. पण काही न घेता दुकानातून बाहेर पडताना फार अपराधी वाटतं. विक्रेत्याने चार वस्तू दाखवल्या की पाचवी मी नको असताना घेते. काय करू?

तुमचा संकोच जुना आहे. एके काळी दुकानात शिरणं म्हणजे घेण्याचं वचन दिल्यासारखंच होतं. माल आत ठेवलेला, किंमत लिहिलेली नाही, घासाघीस ठरलेली. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको याने १८५२ पासून 'बॉन मार्शे' या दुकानात जी रीत रुळवली, ती पुढे जगभर पसरली. वस्तूवर ठरलेली किंमत लिहायची, माल मांडून ठेवायचा आणि आत येणाऱ्याला खरेदीची सक्ती करायची नाही. या, बघा, हात लावून बघा, नको असेल तर जा. आज तुम्ही मांडणीतून मोकळ्या फिरता ते त्यामुळे. तो मोकळेपणा दुकानदाराने स्वतःच्या फायद्यासाठी दिलेला आहे. त्याची किंमत तुम्ही पाचव्या वस्तूने चुकवायची गरज नाही.

मात्र एक भेद पाळा. मांडणी बघणं वेगळं आणि माणसाला उठवून, घड्या मोडून माल काढायला लावणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात शिरण्याआधी स्वच्छ सांगा, "आज घेणार नाहीये, पण दाखवाल का?" गिऱ्हाईक नसेल तर तो आनंदाने दाखवेल, गर्दी असेल तर नंतर या म्हणेल. दोघांचाही मान राहतो.

नुसत्या काचा बघत फिरायचं असेल तर एक युक्ती. दिवसा बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून काचेत माल दिसण्याऐवजी रस्ता आणि आपणच दिसतो. भर दुपारी दुकानदार आत दिवे लावून ठेवतात ते यासाठीच. काचेच्या अगदी जवळ जा, दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला धरा. तुमच्याच सावलीत आतलं सगळं लख्ख दिसेल. संध्याकाळ झाली की काहीच करावं लागत नाही. उजेडाचं पारडं फिरतं आणि काचा आपोआप उघड्या होतात. बाजार हिंडण्याचा माझा आवडता वेळ तोच, दिवेलागणीचा.

सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गर्दीच्या बाजारात जावं लागतं. हात सुटला तर?

घरून निघतानाच त्याचा फोनवर एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. घाबरलेल्या आईबापाला शर्टाचा रंग आठवत नाही. तुमचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात घाला आणि चिठ्ठी कुठे आहे ते त्यालाही दाखवा. त्याला एकच गोष्ट पक्की शिकवा: हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, आम्ही शोधत येतो. कोणाची मदत घ्यावीच लागली तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे किंवा लहान मूल बरोबर असलेल्या बाईकडे जायचं. तुम्ही शोधताना त्याचं पूर्ण नाव मोठ्याने घ्या. भोवतालच्या दहा माणसांनाही कळतं की मूल शोधताहेत, आणि दहांचे वीस डोळे तुमचे होतात.

माझं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान मुख्य पेठेत आहे. आमचा रस्ता वाहनांना बंद करून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचं घाटतंय. आम्ही व्यापारी हवालदिल आहोत. गाडी दारात येणार नसेल तर गिऱ्हाईक कशाला येईल? तुम्ही तर त्याच खात्यातल्या. खरं सांगा.

खरंच सांगते, आणि तुमची काळजी खोटी आहे असं मुळीच म्हणणार नाही. दुकान चालवणाऱ्याला महिन्याचं भाडं, नोकरांचे पगार दिसत असतात. अभ्यासकाला आलेख दिसतो.

तुमच्यासारखेच व्यापारी कोपनहेगनमध्येही होते. तिथल्या जुन्या पेठेतली स्ट्रॉयेट ही किलोमीटरभराहून थोडी लांब रस्त्यांची साखळी नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केली. दुकानं बसतील अशी ओरड झाली. शिवाय एवढ्या थंडीत रस्त्यावर रेंगाळणार कोण, अशीही शंका होती. दोन वर्षांत प्रयोग कायम झाला आणि पुढे आजूबाजूचे रस्ते आणि चौकही त्यात आले. यान गेल या वास्तुरचनाकाराने तिथे वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. किती माणसं चालली एवढंच नव्हे, किती बसली, किती उभी राहिली, हेही. माझा पेन्सिलीचा रकाना जगात कुठेतरी शाईने लिहिला गेला होता हे कळलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७२ मध्ये आणखी धाडस केलं. महापौर जाइमे लेर्नेर स्वतः वास्तुरचनाकार. व्यापाऱ्यांचा विरोध होणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केलं आणि सोमवारपर्यंत मुख्य रस्त्याचा पहिला तुकडा फरसबंद, कुंड्या-दिव्यांसह तयार. निषेध म्हणून मोटारवाले त्यावरून गाड्या घालणार अशी कुणकुण लागली. तेव्हा पालिकेने रस्त्यावर कागदाचे लांबच लांब पट्टे अंथरले आणि मुलांना रंग देऊन चित्रं काढायला बसवलं. गाड्या मागे फिरल्या. पायी चालण्याचा हा रस्ता आणखी लांबवून द्या, अशी मागणी पुढे व्यापाऱ्यांकडूनच आली. काम रातोरात उरकण्याची ही पद्धत मी तुमच्या शहराला सुचवणार नाही. व्यापाऱ्यांशी आधी बोलायलाच हवं.

आता दुसरी बाजू, तीही सांगितली पाहिजे. अमेरिकेत कॅलामझू गावाने १९५९ मध्ये मधला रस्ता असाच पायी चालणाऱ्यांना दिला. तिकडचा तो पहिला. पाहून कितीतरी गावांनी तसंच केलं आणि त्यांतले बरेच रस्ते पुढे गाड्यांना पुन्हा खुले झाले. खुद्द कॅलामझूनेही १९९८ मध्ये काही भाग खुला केला. कारण उघड आहे. तिथे माणसं शहराच्या मध्यातून उठून दूर उपनगरांत राहायला गेली होती. रस्त्याच्या जवळ राहणारं कोणी नाही, तिथवर आणणारी बस धड नाही. अशा ठिकाणी गाडी बंद केली की उरतं ते मोकळं फरसबंद अंगण.

म्हणून सभेत उठून "रस्ता बंद करू नका" एवढंच म्हणू नका. प्रश्न विचारा. बस कुठपर्यंत येणार? मालाचे टेम्पो कोणत्या वेळेत सोडणार? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराचा मध्यभाग १४ मे १९४० च्या बॉम्बफेकीत जळून गेला. तिथे १९५३ मध्ये लाइनबान ही नवी पेठ बांधली, पुढून फक्त पायी चालणारे आणि दुकानांच्या मागून मालाच्या गाड्यांचा वेगळा रस्ता. जुन्या पेठेत मागचा रस्ता नसेल तर सकाळची ठरावीक वेळ तरी मालासाठी मागून घ्या. अपंग, म्हातारी माणसं दारापर्यंत कशी येणार? बाक किती? स्वच्छतागृह कुठे? रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी कुठून शिरणार? यांची उत्तरं लेखी मिळाली तर प्रयोगाला सहा महिने द्या आणि त्याआधीचे सहा महिने रोजची विक्री वहीत नीट लिहून ठेवा. दोन्ही वह्या समोर ठेवून बोललात तर तुमचं म्हणणं कोणी उडवून लावू शकणार नाही.

एक सवय मात्र तपासा. चार दिवस गिऱ्हाईकांना विचारा, "कसे आलात?" दारात उभी असलेली गाडी ठसठशीत दिसते, बसमधून उतरून आलेलं माणूस तसं दिसत नाही. आणि दारातली ती गाडी गिऱ्हाईकाची आहे की शेजारच्या दुकानदाराची, तेही बघा. माझ्या मोजण्यांत दिवसभर न हललेल्या गाड्या बहुतेक वेळा पेठेतल्याच लोकांच्या निघायच्या.

माझ्या पतींची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली. पूर्वी पेठ त्यांच्या तळहातावर होती. आता ते जायलाच तयार नाहीत. मी त्यांचा हात धरून नेते, तर आणखी चिडतात.

तुम्ही त्यांचा हात धरू नका, त्यांना तुमचा कोपर धरू द्या. फरक मोठा आहे. तुम्ही धरलंत की ते ओढले जातात. त्यांनी धरलं की ते तुमच्या अंगाच्या हालचालीवरून वळण, चढ, थांबणं ओळखतात आणि हवं तेव्हा सोडू शकतात. तुम्ही अर्धं पाऊल पुढे. पायरी आली की "पायरी" एवढंच पुरत नाही, "वर" की "खाली" ते सांगा.

पदपथावर उठावाच्या पिवळ्या फरश्या असतात, त्या त्यांना पायाखाली ओळखायला शिकवा. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे: रस्ता, जिना, वळण. दोन खुणांची ही भाषा आता जगभर आहे. दुःख एवढंच की याच पट्टीवर दुचाकी उभ्या राहतात आणि दुकानांचे फलक मांडले जातात. एका व्यापारी संकुलासमोर ही पट्टी थेट झाडाच्या आळ्यात नेऊन सोडलेली मी पाहिली आहे. बसवणाऱ्याने तिच्यावरून डोळे मिटून एकदाही चालून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. आठव्या पावलाला गुडघा फुटला. दुरुस्तीला चौदा महिने लागले.

आणि पेठ त्यांच्या तळहातावर होती म्हणता ना, ती अजून आहे. फक्त खुणा बदलल्या. पहिल्या फेरीला सकाळी लवकर जा, गर्दी नसताना. वातानुकूलित दुकानाच्या दारातून घोट्यांवर येणारा गार झोत, कापडाच्या दुकानातला कोऱ्या खळीचा वास, पत्र्यावर हातोडा पडतो तो आवाज, चौक आला की दोन्हीकडून अचानक मोकळी होणारी हवा. त्यांना सांगत जाऊ नका. विचारा, "आता आपण कुठे आहोत?" मला वाटतं, ते तुमच्या आधी सांगतील.

सणासुदीच्या गर्दीत छातीत धडधडतं. हे मनाचं आहे की खरंच धोका असतो?

दोन्ही. मनाचं म्हणून ढकलून देऊ नका. गर्दीचा धोका मोजता येतो. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं दाटली की जपायला हवं. सातच्या आसपास गेली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. मग कोणी ढकलत नसतं, तरी लाट येते आणि पाय उचलले जातात. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात, इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री गर्दीत दीडशेहून जास्त जीव गेले, ते मैदानात नव्हे, जेमतेम तीन-साडेतीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत. अशा गर्दीत माणसं बहुतेक चिरडून नाही, छाती फुगवायला जागा न उरल्याने जातात.

कसोटी सोपी आहे. दोन्ही खांदे अनोळखी माणसांना सतत टेकू लागले आणि हात सहज चेहऱ्यापर्यंत नेता येईना, की निघायचं. तेव्हाच. पुढचं दुकान बघून नव्हे. लोंढ्याच्या उलट जाऊ नका, तिरपं तिरपं कडेकडे सरका. हात छातीसमोर घ्या म्हणजे श्वासाला जागा राहते. पडलेली पिशवी, चप्पल, फोन उचलायला वाकू नका. भिंतीला किंवा बंद शटरला पाठ लावून अडकू नका. आणि शक्य असेल तर सणाच्या दहा दिवस आधीची दुपार धरा. तोच माल, तीच दुकानं, आणि विक्रेत्याकडे तुमच्याशी बोलायला वेळ.

आमची मुलं म्हणतात, मॉलमध्ये सगळं मिळतं, थंडगार असतं, स्वच्छतागृह असतं. जुन्या बाजारात जायचंच कशाला?

मुलांचं स्वच्छतागृहाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याची लाज शहरांना वाटली पाहिजे. बायका बाजारात पाणी न पिता जातात, हे मी बत्तीस वर्षं पाहिलं आहे.

पण मॉल ज्याने घडवला त्याची गोष्ट मुलांना सांगा. व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा, १९३८ मध्ये नाझींच्या तडाख्यातून निसटून अमेरिकेत गेला. तिथल्या उपनगरांत चालायला, भेटायला जागाच नाही हे पाहून त्याने शहराच्या चौकासारखं काहीतरी छताखाली आणायचं ठरवलं. मिनियापोलिसजवळच्या इडाइना गावात १९५६ मध्ये उघडलेलं साउथडेल हे पूर्ण बंदिस्त मॉलचं पहिलं मोठं उदाहरण. त्याच्या आराखड्यात भोवती घरं, शाळा, दवाखाने होते. प्रत्यक्षात आलं ते भोवती वाहनतळाचं मैदान. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परतला आणि या मॉलांचं पितृत्व त्याने उघड नाकारलं. त्याला हवा होता चौक, लोकांनी फक्त दुकानं घेतली.

मॉलला जाऊ द्या मुलांना. पण मॉलचं दार रात्री बंद होतं, आणि आत कोणी बसायचं ते मालक ठरवतो. रस्त्यावर आपण कोणाच्या परवानगीने नसतो.

एकाच गल्लीत एकाच मालाची वीस दुकानं का असतात? एकमेकांचं गिऱ्हाईक नाही का तोडत?

तोडतात, पण त्याहून जास्त आणतात. वीस ठिकाणी बघता येतं म्हणून लोक लांबून येतात. एकटं दुकान तेवढी माणसं ओढू शकत नाही. इस्तंबूलचा झाकलेला मोठा बाजार पंधराव्या शतकात सुरू झाला. त्यातल्या गल्ल्यांना धंद्यांचीच नावं आहेत. मुख्य रस्त्याचं नाव टोप्या करणाऱ्यांवरून पडलं आहे आणि आता तिथे सोनारांची दुकानं आहेत. धंदा बदलला, रांग मोडली नाही. गिऱ्हाईकाने एवढंच करावं: पहिल्या दुकानात घेऊ नये आणि विसाव्यापर्यंत जाऊही नये. चार पाहिली की हाताला फरक कळतो.

ताई, पस्तीस वर्षं मी आणि ही बाजारात बरोबर जायचो. ती बघायची, मी पिशव्या धरून बाहेर उभा. ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. मला काही घ्यायचं नसतं. तरी पाय तिकडे वळतात आणि कोपऱ्यावरून परत येतो. जाऊन करू काय?

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही बाहेर उभे राहायचात म्हणजे माझ्या समासातल्या त्या रकान्यातले आहात. तुमच्यासारखे कितीतरी जण मी पाहिले आहेत. दोन्ही हातांत पिशव्या, नजर दुकानाच्या दाराकडे, आणि आतून हाक आली की उजळणारा चेहरा.

कोपऱ्यावरून परतू नका. पहिल्यांदा सकाळी जा, शटर वर जायच्या वेळी. तेव्हा कोणी काही विकायच्या घाईत नसतं. पायऱ्या धुतल्या जातात, पुतळ्यांना कपडे चढवतात, हमाल गाठोडी उतरवतात. तिच्या नेहमीच्या दुकानासमोरच उभे राहा. दुकानदार ओळखेल. वहिनी कुठे आहेत, असं विचारेल कदाचित. ते सांगणं जड जाईल, पण तिला ओळखणारं आणखी एक माणूस त्या सांगण्यात तुमच्याबरोबर असेल. तो बसायला स्टूल देईल, घ्या.

पस्तीस वर्षं तुम्ही दाराकडे बघत होतात, आता जरा मान वर करून वरच्या मजल्यांकडे बघा. खालचे फलक दर दोन-चार वर्षांनी बदलतात, वर मात्र लाकडी कठडे, जुन्या नावांची पुसट अक्षरं, बांधकामाचं साल तसंच राहिलेलं असतं. दोन सालं वहीत लिहून आणा आणि मला कळवा. आणि बाक सापडला की तोही कळवा, कुठला आणि पाठीचा आहे का ते. ज्यांच्या आईसाठी मी वर तीन जागांची यादी करायला सांगितली आहे, त्या ताईंना उपयोगी पडेल.